तारेवरून गेलेली गाडी

धुळे,
ता. १२ ऑक्टोबर १९४६

चि. तोताराम यास वच्छलाअक्काचे आशीर्वाद.

दसरा होऊन आठवडा झाला, तुझं पत्र नाही. माझा राग निवायची वाट बघत असशील. तो निवालेला नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

तुला जळगावाहून यंत्र घेऊन ये म्हणून सांगणारी मीच. चुलतभाऊ आहे, रेडिओ दुरुस्त करतो, हुशार आहे, देवीपुढच्या गाण्याला त्याचा लाउडस्पीकर लावू, असं सगळ्यांना मीच पटवलं. मग काय झालं ते अख्ख्या धुळ्याने पाहिलं. आधी तुझा तो कर्णा असा किंचाळला की पुढे बसलेली पोरं रडायला लागली. ती गप्प होतात तोवर कुणाचा तरी पाय तारेत अडकला आणि माईक धाडकन माझ्या पेटीवर. तू धावत आलास, तो उभा केलास आणि म्हणालास, "अक्का, चालू दे." मी चालू केलं. जरा पुढे वाकले, ओठ त्या जाळीला लागला, आणि तोताराम, माझं तोंड माझं राहिलं नाही रे! दातांपासून कानापर्यंत झिणझिण्या. हात पेटीवरून उडाला. ओळ अर्धी राहिली. लोकांना वाटलं, बाई विसरली. कुणीतरी हसलंसुद्धा.

आमचे सासरे, नाना मास्तर, पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "गाणं देवघरात शोभतं." हे तर नेहमीसारखे गप्पच. ह्यांचं गप्प राहणं कुणाच्या बाजूचं, ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

आता सकाळी रियाजाला बसते तर समोर काही नसतानाही मान आपोआप मागे जाते. स्वर लागायच्या आधी हनुवटी आखडते. याचं मी काय करू?

मला पुन्हा तुझ्या यंत्रापुढे बसायला बोलावू नकोस. सौ. कमलला आशीर्वाद. ओठ बरा आहे, तू विचारणार म्हणून लिहिलं.

वच्छला


जळगाव,
ता. ३ नोव्हेंबर १९४६

ती. वच्छलाअक्कास तोतारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कमलने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्याने.

अक्का, झटका कशाने बसला ते मी शोधलं. तार जुनी होती. लढाईच्या दिवसांत रबर मिळत नव्हतं. जी तार हाती होती तिलाच पट्ट्या गुंडाळून चालवली. आतलं रबर वाळून भुगा झालं होतं. माईक पडला तेव्हा आतली तांब्याची तार सुटून जाळीला टेकली, आणि यंत्रातली वीज तुझ्या ओठापर्यंत आली. कर्णा किंचाळला तो वेगळ्या कारणाने. मी तो तुझ्या तोंडासमोर ठेवला होता, त्याचा आवाज परत माईकमध्ये शिरत होता. तो आता तुझ्या पाठीमागेही नाही नि पुढेही नाही, बाजूला बांबूवर उंच बांधतो. ती जुनी तार मी कापून टाकली. लष्कराच्या लिलावातून नवी आणली आहे, करंगळीएवढी जाड, वरून कापडी विणीची. नखाने ओरबाडली तरी काही होत नाही.

हे सांगण्याचं कारण आहे. रागावू नकोस. इथले रुपचंदशेठ, त्यांचं स्टेशनापलीकडे कापसाचं मोठं जिनिंग आहे. त्यांच्या आई भिकुबाई संक्रांतीनंतर जिनाच्या आवारात हळदीकुंकू करणार आहेत. जळगावातल्या बठ्ठ्या बायांना बोलावणं. कपास वेचणाऱ्या, सरकी निवडणाऱ्या, सगळ्या. त्यांना गाणं पाहिजे, तेही बाईचं. त्यांनी तुझं नाव घेतलं. मी नाही सुचवलं. कुणीतरी दसऱ्याला धुळ्याला होतं म्हणे आणि त्या बाईने त्यांना सांगितलं, "गाणं अर्ध्यावर मोडलं तरी ती रडली नाही."

एवढ्या बायकांना लाउडस्पीकरशिवाय ऐकू जाणार नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या तारेवर मी तुला बसू देणार नाही.

तोताराम


धुळे,
ता. ८ डिसेंबर १९४६

चि. तोतारामास आशीर्वाद.

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर ठरत नव्हतं. आधी नाही म्हणायचं ठरवलं. मग रोज पेटीवर बसले की "रडली नाही" हे शब्द आठवायचे. कोण ती बाई? तिला मी ओळखत नाही, आणि तिने माझ्याबद्दल असं सांगावं!

नानांना विचारलं. जेवण झाल्यावर, पान हातात असताना विचारलं, तरी पान तसंच राहिलं. शेवटी म्हणाले, "बायकांचंच आहे ना? पुरुष नाहीत ना आत? मग जा. पण पुन्हा तमाशा झाला तर पेटी माळ्यावर जाईल, आणि ती मी ठेवीन." त्यांचा शब्द तुला माहीत आहे. ह्यांनी सोबत यायचं कबूल केलं आहे.

तेव्हा मला नीट सांग. वीज कुठून घेणार? तार कुठून कुठे जाणार? कुणाच्या पायाखाली येणार? जिनात कपास असतो, रुईच्या गाठी असतात, गाड्या येतात-जातात. तू यंत्रापाशी बसलेला असताना तारेकडे कोण बघणार? मला हसू नकोस. ज्याचा ओठ भाजला तो विचारणारच.

आणि माईक माझ्यापासून हातभर लांब ठेव. मी आवाज मोठा लावीन.

वच्छला


जळगाव,
ता. ११ जानेवारी १९४७

ती. अक्कास सा. नमस्कार.

हसलो नाही. आज जिनात जाऊन सगळं बघून आलो.

फाटक पूर्वेला. फाटकातून आत आलं की लगेच डाव्या हाताला तुझं स्टेज. त्याच्यापुढे मोकळं पटांगण, तिथे बाया बसतील, तुझ्याकडे तोंड करून. त्यांच्या मागे पश्चिमेला गाठींची थप्पी आणि त्याला लागून इंजिनघर. वीज इंजिनघरातल्या डायनामोची. तिथून तार निघेल ती भिंतीच्या कडेकडेने स्टेजपर्यंत. बायांच्या पायाखाली कुठेच नाही. एकाच जागी ती गाडीवाट ओलांडते, थप्पीजवळच्या मागच्या दाराशी. पण कार्यक्रम रविवारी आहे, जिन बंद. मॅनेजर झुलालशेठ म्हणाले, "एकही गाडी आत येणार नाही, मी आहे ना." मी पुन्हा विचारलं, तर जरा चिडलेच.

तार एकसंध आहे, मध्ये जोड नाही. माईक हातभर लांब.

तू ये. स्टँडवर टांगा पाठवतो. कमलने तीळगूळ केला आहे, तुला आवडतो तसा कडक.

तोताराम


धुळे,
ता. २३ जानेवारी १९४७

तोताराम,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. जे झालं ते लिहिते, म्हणजे मी काय पाहिलं ते तुला कळेल.

पटांगण भरलं होतं. इतक्या बायका एका जागी मी कधी पाहिल्या नव्हत्या. काळ्या चंद्रकळा, मधेच मळक्या लुगड्यातल्या मजुरणी, मांडीवर पोरं. पहिल्या दोन गाण्यांना माझी मान आखडलेली होती. तिसऱ्याला सुटली. माझा आवाज बांबूवरच्या कर्ण्यातून परत माझ्याकडे येत होता, गोड येत होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू यंत्रापाशी बसून मान हलवलीस. मला वाटलं, जमलं आता.

चौथं गाणं अर्ध्यावर असताना मागच्या दारातून कपाशीने लादलेली एक बैलगाडी आत आली. मी ती पाहिली, कारण माझंच तोंड तिकडे होतं. बायांची पाठ होती. गाडी गाठींच्या थप्पीपाशी थांबली. तूही पाहिलीस, कारण तू उठलास. मग कर्णा एकदम गप्प झाला. स्वर जिभेवर होता तो नुसता माझ्या गळ्यातून बाहेर पडला, चिमणीएवढा. आणि गाडीच्या चाकाखालून धूर निघाला.

तू यंत्र सोडलंस आणि पळालास. कडेच्या भिंतीने, मागच्या दाराकडे, आणि गाडीआड दिसेनासा झालास. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस.

मी एकटी राहिले. समोर त्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? काय झालं?" अशी कुजबूज सुरू झाली. मागच्या धुराला आता जीभ फुटली होती, छोटीशी, पिवळी. मी "आग" म्हटलं असतं तर काय झालं असतं? मागचं दार आगीपाशी, बाहेर पडायला फाटक एकच. पोरं मांडीवर. सगळ्या एकदम उठल्या असत्या, आणि मधे बसलेल्या तुडवल्या गेल्या असत्या.

 मी उभी राहिले. पेटी तशीच ठेवली. सगळ्यांना पाठ असलेली आरती काढली, वरच्या पट्टीत, पोटातून. आरती म्हटल्यावर बाई बसून राहत नाही. उठल्या सगळ्या. टाळ्या सुरू झाल्या. एक कडवं होताच मी ओरडून म्हणाले, "भिकुबाईंची इच्छा आहे, आरती फाटकाबाहेर वेशीपाशी करायची. लेकुरवाळ्या आधी! टाळी थांबवायची नाही, मागे बघायचं नाही, मागे बघितलं तर आरती मोडते!" असली काही रीत जगात नाही. तोंडातून निघून गेलं.

भिकुबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मान वळवली. म्हातारीने आग पाहिली. तिचं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं, तोताराम, कसं बघितलं मला माहीत नाही. ती माझ्यापेक्षा दुप्पट वयाची, जिनाची मालकीण. तिने तोंड मिटलं, आणि दुसऱ्या क्षणाला ते पुन्हा उघडलं ते आरतीसाठी. बेसूर, पण असला खणखणीत आवाज! तिने स्वतः निरांजनाचं ताट उचललं आणि पुढे चालायला लागली. तिच्यामागे सगळ्या.

मी स्टेजच्या कडेला उभी राहून गात राहिले. शेवटच्या रांगा येईपर्यंत. त्यांना धुराचा वास आलाच होता. एक पोर खोकत होतं. एकीने मला डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी सांगितलं, चल. कुणी धावलं नाही. शेवटची मजुरीण बाहेर पडली आणि माझा आवाज फुटला. मग मी पळाले.

ह्यांनी मला फाटकातूनच टांग्यात घातलं आणि थेट स्टँडवर नेलं. आग विझली, दोनचार गाठी जळाल्या, एवढं मोटारीत ऐकलं.

तुला मी परत पाहिलं नाही. माणसाला भीती वाटते, मलाही वाटली. पण तू वळून बघायला हवं होतंस. एकदा. मला एवढंच लिहायचं होतं.

वच्छला


धुळे,
ता. ८ फेब्रुवारी १९४७

चि. तोताराम,

पत्राचं उत्तर नाही. लाज वाटत असेल तर तसं लिही. लाज वाटणाऱ्या माणसाशी बोलता येतं, गप्प बसणाऱ्याशी येत नाही, आणि असा एक माणूस माझ्या घरात आधीच आहे.

इथे वेगळंच ऐकू येतं. तुझ्या कुजक्या तारेने जिन पेटलं, तू पळून गावाबाहेर गेलास, झुलालशेठने तुझं यंत्र जप्त करून ठेवलं, फौजदाराकडे तक्रार झाली, असं बाजारात बोलतात. तार कुजकी नव्हती हे मला माहीत आहे. मी कार्यक्रमाआधी ती हातात धरून पाहिली होती. मग तू का बोलत नाहीस? गाडीचं का सांगत नाहीस?

रागावलेली आहे. पण खुशाली कळव.

वच्छला


चोपडा,
ता. १६ फेब्रुवारी १९४७

ती. वच्छलाअक्का यांस कमलबाईचा नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं जळगावच्या घरावरून फिरत इकडे माहेरी आली. मीच फोडली, मीच वाचली. यांना पहिलं पत्र वाचून दाखवलं नाही. पुढचं लिहू नको असं यांनी मला बजावलं आहे. मी लिहिते आहे. हे आता झोपले आहेत.

अक्का, हे पळाले नाहीत.

चाकाने तार चिरडली, रबर फाटलं, ठिणगी पडली ती खालच्या रुईच्या कचऱ्यात. हे आधी इंजिनघराकडे धावले, बटण बंद करायला. दाराला कुलूप. झुलालशेठने घातलेलं, पोरं आत जाऊ नयेत म्हणून. किल्ली त्यांच्या खिशात आणि ते घरी. तोवर गाठीला आग लागली होती. तारेत वीज तशीच होती, ठिणग्या पडतच होत्या. यांनी दोन्ही हातांनी तार धरून गाडीखालून ओढली. तार निघाली, पण हात सुटेनात. तिथे काम करणारी दगडीबाई म्हणून बाई आहे, सातपुड्याकडची, तिने रुई ओढायच्या लाकडी दाताळ्याने यांच्या मनगटावर मारलं तेव्हा सुटले. मग तिने आणि गाडीवानाने ओली पोती टाकून आग दाबली. हे तिथेच पडून होते.

दोन्ही तळवे जळाले. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून डॉक्टरांनी वेगवेगळी बांधली आहेत. घास मी भरवते. सगळ्यांना सांगतात, तारा जोडायची, डाग देण्याची तापलेली कांब हातात धरली. कुणाला पटेल ते?

मी म्हटलं, अक्कांना कळवते, त्या सांगतील गाडी कशी आली ते. तर म्हणाले, "तिचं नाव यात आलं, तिला जबानीला बोलावलं, की नाना पेटी माळ्यावर टाकतील. मना हात गयात ते पुरं शे. तिचं गाणं नको जायला."

येत्या महिन्यात रुपचंदशेठ जिनात पंच बसवणार आहेत, फौजदारही येणार. झुलालशेठ म्हणतात, गाडी आलीच नाही. गाडीवान गावाला निघून गेला. दगडीबाईला तोंड उघडलं तर कामावरून काढीन असं सांगितलं आहे.

तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला राहवलं नाही.

आपली,
कमल


धुळे,
ता. ९ मार्च १९४७

चि. तोतारामास वच्छलाअक्काचे अनेक अनेक आशीर्वाद.

कमलवर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर, वळून पाहिलं नाहीस असं लिहिणाऱ्या तुझ्या बहिणीवर. त्या ओळीबद्दल मी इथे काही लिहीत नाही. भेटीत बोलेन.

कमलचं पत्र मी नानांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "त्या मुलाचं वाईट झालं. पण बाईमाणसाने फौजदारापुढे जबानी द्यायची? चार लोकांत उलटसुलट विचारतील. घराण्याचं काय?"

मी काही बोलणार तोच हे बोलले. हे, तोताराम! इतक्या वर्षांत नानांपुढे पहिल्यांदा.

"नाना, मी फाटकाबाहेर उभा होतो. बाया गात बाहेर यायला लागल्या, मला वाटलं मिरवणूक आहे. मी बाजूला सरून वाट दिली. धूर दिसला तेव्हा कळलं. आत जायला निघालो तर पाय उचलेना. ही सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. ती आत होती, मी बाहेर होतो. आता ती जाते म्हणत असेल तर मी तिला अडवायला तोंड कुठून आणू?"

नाना म्हणाले, "जा. पण त्यानंतर या घरात पेटी उघडायची नाही." मी हो म्हटलं. 

परवा पंच बसले. जिनाच्या कचेरीत रुपचंदशेठ, चार व्यापारी, फौजदार. झुलालशेठ खुर्चीत रेलून. मी पाहिलं ते सांगितलं. गाडी, चाक, धूर; आणि कमलने कळवलेलं कुलूपही.

झुलालशेठ हसून म्हणाले, "बाई, तुम्ही गात होतात. गाणारी माणसं डोळे मिटून गातात. तुम्हाला मागच्या दारातलं काय दिसणार?"

मी म्हणाले, "मी डोळे मिटून गात नाही. तुम्ही त्या दिवशी आवारात नव्हतात हेही मला दिसलं."

फौजदाराने मिशीवरून हात फिरवला.  "पण गाडी आली याला दुसरं कोण?" एका व्यापाऱ्याने विचारलं. कचेरीच्या दाराशी मजुरणी जमल्या होत्या. सगळ्यांच्या माना खाली. मी तिकडे पाहिलं नाही, मुद्दाम. कुणाच्या पोटावर पाय येईल असं मला करायचं नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी दखं." हडकुळी बाई, कमरेला विळा. "मी मना डोयाघाई दखं. गाडी मझार आनाले यानीच सांगं व्हतं. भाव पडी म्हणे सोमवारले, आजच उतरी ल्या." सोमवारी भाव पडेल म्हणून गाडी आजच आत घ्यायला यानेच सांगितलं, असं म्हणत तिने बोट सरळ झुलालशेठकडे केलं.

ही दगडीबाई. तिच्यामागून आणखी दोघी बोलल्या. मग सगळ्याच.

तुझ्यावरची तक्रार मागे घेतली. यंत्र दुकानात पोचवायला सांगितलं, मीच समोर उभी राहून टांग्यात चढवलं. झुलालशेठचं काय ते रुपचंदशेठ बघतील. दगडीबाईला कामावरून काढणार नाही, हे मात्र मी त्यांच्याकडून तिथेच वदवून घेतलं.

शेवटची मोटार गाठायची होती, चोपड्याला यायला जमलं नाही. हात कसे आहेत ते खरं लिही. कांबेचं काही सांगू नकोस.

पेटी माळ्यावर गेली आहे. नानांनी स्वतः ठेवली, म्हणाले होते तसं. मी ठीक आहे.

वच्छला


जळगाव,
ता. ३० मार्च १९४७

ती. अक्कास सा. न.

हे अक्षर माझं आहे, डाव्या हाताचं. लवकर लवकर वाचू नकोस, मला लिहायला अख्खी सकाळ लागली.

दुकान उघडलं. डावा हात चालतो. उजव्याची दोन बोटं वळत नाहीत, वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. डाग द्यायचं काम कमल शिकली. तिचा जोड माझ्यापेक्षा बारीक बसतो. गिऱ्हाइकं आधी तिच्याकडे बघून बिचकतात, मग रेडिओ सुरू झाला की बिचकत नाहीत.

पेटीचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. ज्यासाठी गप्प बसलो तेच झालं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी तिथे पडलो होतो, अंग बधिर, डोळ्यांपुढे काळं. कर्णा बंद होता. तेव्हा तुझा आवाज आला. नुसता तुझा, तारेशिवाय, त्या सगळ्या बायांच्या वरून. लहानपणी ऐकला असेल, नंतर ऐकला तो यंत्रातूनच, काटा बघत, बटण फिरवत. मला वाटलं, ही गाते आहे म्हणजे कुणी मेलं नाही.

भिकुबाई आल्या होत्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू पुन्हा करायचं म्हणतात, अर्धं राहिलं म्हणून. तू पाहिजे, आणि यंत्र मीच लावायचं म्हणतात. मी त्यांना सांगितलं, अक्काच्या घरी ते आता जमणार नाही. आणि जमलं तरी यंत्र लावायचं नाही. तिला माझ्या तारेची गरज नाही, हे मी स्वतः ऐकलं आहे.

तोताराम


धुळे,
ता. ७ एप्रिल १९४७

चि. तोतारामास आशीर्वाद.

तुझ्या भिकुबाई परवा धुळ्याला आल्या. स्वतः, मोटारीने, या उन्हात. सरळ ओसरीवर नानांच्या समोर बसल्या. मी पाणी दिलं. त्या नानांना म्हणाल्या, "मास्तर, मी जिनाची मालकीण. माझ्या पोरालाही माझ्यापुढे आवाज करायची छाती नाही. तुमच्या सुनेने मला नुसतं बघून तोंड मिटायला लावलं. नसतं मिटलं तर त्या दिवशी किती बाया गेल्या असत्या, त्यांत मी पहिली. आता तिला तुम्ही गप्प करताय म्हणे. मला ते बघायचं आहे, कसं करता ते."

 भिकुबाई उठेनातच. जेवायच्या वेळेपर्यंत बसल्या. शेवटी नाना ह्यांना म्हणाले, "अभिमन, शिडी आण." हे शिडी आणायला इतक्या घाईने गेले की उंबऱ्याला ठेच लागली. पेटी खाली आली. एक स्वर बसला आहे, दुरुस्त करून घेते.

मी येते आहे. पण तुझं म्हणणं मला मान्य नाही. त्या दिवशी मी तारेशिवाय गायले ते जिवाच्या भीतीने, आणि आठ दिवस माझ्या गळ्यातून शब्द निघत नव्हता. तसं रोज गायचं नसतं. आणि शेवटच्या रांगेतल्या मजुरणींना पहिली तीन गाणी ऐकू गेली ती तुझ्या कर्ण्यातून, माझ्या गळ्यातून नाही.

माईक या वेळी हातभर लांब नको. जवळ ठेव, मला पाहिजे तसं हळू गाता येईल. तार कमलला टाकू दे, तू सांग कशी टाकायची. इंजिनघराची किल्ली भिकुबाईंच्या कमरेला राहील, मी त्यांना तसं सांगितलं आहे, आणि मागच्या दारात दगडीबाई दाताळं घेऊन बसणार आहे. गाडी आणून दाखवावी कुणी.

शनिवारी दुपारच्या मोटारीने पोचते. हे आणि नाना, दोघेही येत आहेत. नाना फाटकाबाहेर बसतील, तेव्हा एक कर्णा रस्त्याच्या बाजूला तोंड करून बांध.

वच्छला